सडा पडीक नसतो

मलकापूरजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी साठाहून अधिक लेणी कोरली गेली. काळ्या पाषाणातले ते खोदकामच होते; पण डोंगर राहिला, त्याचा माथाही राहिला. हा दाखला दारात असताना सह्याद्रीतल्या दुसऱ्या खोदकामाविषयी आम्ही या भागातल्या लोकांनी उदासीन राहावे, हे आम्हांस पटत नाही.

हे दुसरे खोदकाम बॉक्साइटचे. आगाशिवाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्याचे सडे पसरले आहेत. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळ्या पाषाणातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. ॲल्युमिनियम जेथे अधिक साचले तेथे बॉक्साइट झाले. म्हणजे हे खनिज डोंगराच्या पोटात नसून डोक्यावर आहे. ते काढायचे तर माथाच उतरवावा लागतो. राधानगरी परिसरातील दुर्गमानवाडच्या खाणीचे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला गेले, ते असेच.

ॲल्युमिनियम आम्हीही वापरतो. खाणीवर कुणाची तरी चूल पेटते, हेही आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप एका शब्दाला आहे: 'पडीक'. झाडे नाहीत, पीक नाही, म्हणून सडा पडीक ठरतो आणि पडीक जमीन खणली तर गेले काय, असा हिशेब मांडला जातो. पावसाळ्यात याच उघड्या कातळावर गेंद, सीतेची आसवे, दीपकाडी फुलतात. त्यांतल्या काही जाती जगात इतरत्र कोठेही नाहीत. सच्छिद्र जांभा पाऊस मुरवतो आणि खालचे झरे चालवतो. धनगरांची गुरे येथेच चरतात.

याच समजुतीपोटी खाण संपल्यावर 'वृक्षारोपण' करून डोंगराची भरपाई झाली असे मानतात. ज्या सड्यावर कधी झाडे नव्हती, तेथे बाहेरची झाडे लावणे ही भरपाई कशी? गेलेला कातळ आणि त्यावरची बोटभर माती रोपवाटिकेत तयार होत नाही.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या अतिसंवेदनशील पट्ट्यातील खाणी २०१६ पर्यंत बंद करण्याची शिफारस केली. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेले. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा मात्र २०१४ ते २०२४ या काळात सहा वेळा निघाला. मसुदे पुन्हा लिहिता येतात. माथा पुन्हा घडविता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महसुलाच्या कागदांत सड्याला सडा म्हणून स्वतंत्र स्थान द्यावे. ज्या जमिनीची नोंद 'पडीक' अशी होते, तिचा कैवार घ्यायला कुणी उभे राहत नाही.