बुडालेले जहाज कोणाचे?

नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात बुडवायचे आणि पर्यटकांना पाण्याखाली उतरवून ते दाखवायचे, अशी योजना राज्याने आखली आहे. वाशीम जिल्ह्यातील मालेगावपासून मालवणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे सहाशे किलोमीटर दूर. साहजिकच, आपला या जहाजाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण मे महिन्याच्या सुटीत विदर्भातून कोकणात जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, की या प्रश्नाचे उत्तर मिळते. स्कूबा डायव्हिंग हा आता शौकिनांचा खेळ राहिलेला नाही. देवदर्शन, किल्ला आणि मासळीचे जेवण यांच्याच यादीत तोही येऊन बसला आहे.

'गुलदार' पोलंडमध्ये बांधले गेले आणि डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. लांबी ८३ मीटर. जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आले. केंद्राने या प्रकल्पासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. जहाज भंगारात काढण्यापेक्षा समुद्रतळाशी ठेवावे, त्यावर प्रवाळ आणि शेवाळ धरावे, माशांना आसरा मिळावा आणि स्थानिकांना रोजगार, अशी ही कल्पना. जगात अनेक ठिकाणी ती यशस्वी झाली आहे. मात्र त्याआधी जहाजातील तेल, वायरी, विषारी रंग काढून टाकावे लागतात आणि आत शिरलेला माणूस अडकू नये म्हणून जागोजागी वाटा कापाव्या लागतात. ही सफाई नीट झाली नाही, तर माशांचे घर म्हणून सोडलेले जहाज माशांचेच विष ठरेल.

बुडवलेले आणि बुडालेले

तथापि, खरा प्रश्न 'गुलदार'च्या पुढचा आहे. बुडवलेले जहाज वेगळे आणि बुडालेले जहाज वेगळे. पहिले रिकामे असते, दुसऱ्याच्या पोटात माणसे असतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि गटारीसाठी गावी निघालेली सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले होते. अशी जागा स्मशानच असते, फक्त तिला कुंपण नसते. तिथे तिकीट लावून लोकांना उतरवायचे का, आणि उतरवायचे तर कोणत्या शिस्तीने?

बुडालेले जहाज हा इतिहासाचा दस्तऐवजही असतो. गोव्याच्या समुद्रात सुंची येथील खडकाळ भागात राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. त्यात हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीची भांडी होती. आफ्रिका, भारत आणि चीन यांना जोडणारा व्यापार एका जागी गोठून राहिला होता. त्याच किनाऱ्यावर सेंट जॉर्ज रीफ येथे कौले आणि भाजक्या मातीच्या वस्तू मिळाल्या. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा छाप आणि १८६५ हे साल होते. ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो, त्यांच्याच घराण्यातली ही कौले! उबदार पाण्यात लाकूड फार काळ टिकत नाही. ते पोखरणारे जीव त्याचा फडशा पाडतात. उरते ते लोखंड, माती, दगड आणि दात. म्हणूनच इथे प्रत्येक तुकडा कोणत्या जागी, कोणत्या वस्तूशेजारी पडला आहे, याला महत्त्व असते. हौशी पाणबुड्याने त्यातले एक कौल आठवण म्हणून उचलले, तर पुस्तकाचे एक पान फाटले असे समजावे.

विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. पडक्या हेमाडपंती देवळाचे घडीव दगड घरांच्या पायात आणि विहिरींच्या काठाला लागलेले आपण पाहिले आहेत. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. 'कोणाचेच नाही' असे जे असते, ते हळूहळू असेच जाते.

दोन उदाहरणे

तांबड्या समुद्रातील 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले. त्याच्या पोटात लष्करी मोटारसायकली आणि ट्रक होते. पुढे जगभरचे पाणबुडे तिथे लोटले. नावांचे दोर जहाजालाच बांधले गेले, त्यांच्या ओढीने भाग मोडले आणि सुट्या वस्तू एकेक करून नाहीशा झाल्या. याउलट ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडजवळ 'योंगाला' हे प्रवासी जहाज मार्च १९११ मधील वादळात बुडाले. त्यावरील १२२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. तिथेही पर्यटक जातात, पण परवाना घेऊन. जहाजाच्या आत शिरण्यास बंदी आहे आणि बोटी ठरावीक बोयांनाच बांधल्या जातात. दोन्हीकडे पाणी निळे, मासे रंगीत. फरक आहे तो केवळ नियमांचा आणि ते पाळण्याच्या इच्छेचा.

आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. युनेस्कोच्या २००१ च्या करारातही शंभर वर्षांचीच अट आहे आणि अवशेष शक्यतो मूळ जागीच राखावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे 'रामदास'ची शंभरी भरेल २०४७ मध्ये. दुसऱ्या महायुद्धातील जहाजांचेही तेच. तोवर त्यांची राखण कोणी करायची?

आधी शिस्त, मग तिकीट

सुरक्षिततेचा हिशेबही याच वहीत मांडला पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यांत विदर्भातूनही एक जण गेलेला होता. दुर्घटना पाण्याखाली नव्हे, पाण्यावर घडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याखालचे गणित आणखी कठोर. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेला श्वास रोखून वर आले, तर फुप्फुसातली हवा फुगून जिवावर बेतते. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्यालाही साधारण अठरा मीटरपर्यंतच मुभा असते आणि जहाजाच्या आत शिरण्यासाठी वेगळे शिक्षण लागते. खोल बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नये, हे अनेकांना माहीत असते. आंबोलीचा घाट चढून त्याच दिवशी घराकडे निघण्याची घाईही टाळावी, हे देशावरच्या आणि विदर्भातल्या पर्यटकांना कोणी सांगत नाही.

'गुलदार'चा खरा उपयोग इथेच आहे. हौस भागवायला आणि शिकायला एक रिकामे, साफ केलेले जहाज मिळाले, तर जुन्या अवशेषांवरचा भार हलका होईल. पण त्यासाठी राज्याने आपल्या किनाऱ्यावरील बुडालेल्या जहाजांची नोंद करायला हवी. कुठे जाता येईल आणि कुठे नाही, हे ठरवायला हवे. ज्या कोळ्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांना विचारायला हवे. आणि उरलेले काम पर्यटकाचे. परवाना विचारा, लाइफ जॅकेट मागा, बोट गच्च भरली असेल तर खाली उतरा, पाण्याखाली हात आवरा.

बुडालेले जहाज कोणाचे, याचे उत्तर कायदा सवडीने देईल. तोवर ते सगळ्यांचे आहे, असे मानून वागणे आपल्या हातात आहे. 'सगळ्यांचे' याचा अर्थ 'कोणीही न्यावे' असा आपण आजवर फार वेळा लावला. निवतीच्या पाण्यात तरी तो बदलावा.