आजींच्या उशाशी मंद दिवा

जबलपूर हे पाळ्यांचे गाव. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, १९६९ सालची व्हेइकल फॅक्टरी आणि रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतले लहानमोठे कारखाने. कुणी पहाटे डबा घेऊन निघतो, कुणी रात्री उशिरा परततो. रिछाईतले असेच एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. आतल्या खोलीत पहाटेच्या पाळीला जाणारे वडील झोपलेले, शेजारी धाकटी मुलगी आणि खिडकीपाशी खाटेवर आजी. आजींना रात्री दोनदा उठावे लागते. ट्यूब लावली तर सगळे जागे होतात, न लावली तर उंबऱ्याला पाय अडखळतो. आणि या वयात खुब्याचे हाड मोडले, म्हणजे एकटी आजीच नव्हे, सारे घर अंथरुणाला खिळते.

थोरला नातू इंजिनीअरिंगला आहे. "आजी, तुला मंद दिवा करून देतो," म्हणून तो पहिला प्रयोग करतो तो अनेक घरांत होतो. बाजारातला साधा एलईडी बल्ब पंख्याच्या रेग्युलेटरवर लावतो. बल्ब मंद होण्याऐवजी फडफडू लागतो. त्याच्या पोटात एक छोटे मंडल असते. बाहेरचा पुरवठा कमीजास्त झाला तरी आतल्या एलईडींना ठरलेला प्रवाह देत राहणे, हेच त्याचे काम. रेग्युलेटर वीज कापतो, मंडल ती भरून काढू पाहते. या ओढाताणीत बल्ब लवकर जातो.

मग मंद करायचे कसे? पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. त्याच्या बऱ्याच खाली तो पेटतच नाही, आणि किंचित वर गेले की प्रवाह एकदम वाढतो. त्यामुळे व्होल्ट कमी करण्यापेक्षा सोपी युक्ती अशी, की वीज पूर्ण द्यायची, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवा सेकंदाला शेकडो वेळा लागतो आणि विझतो. डोळ्याला ते तुकडे वेगळे दिसत नाहीत, सरासरी उजेड तेवढा दिसतो. पाव वेळ लावला तर उजेड पाव.

ही उघडझाप मायक्रोकंट्रोलर करतो. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी विद्यार्थ्यांसाठी निघालेला आर्डुइनो बोर्ड यासाठी पुरेसा आहे. त्याच्या ९ क्रमांकाच्या पिनला ० ते २५५ पैकी एक आकडा सांगितला, की ती सेकंदाला सुमारे ४९० वेळा उघडझाप करते.

जोडणीत मात्र घाई नको. २३० व्होल्टच्या बाजूला हात घालायचाच नाही. तयार १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा. एलईडीची १२ व्होल्टची पट्टी मिळते, तिच्यात तीन-तीन एलईडींमागे एक रेझिस्टर बसवलेलाच असतो. मीटरला ६० एलईडींची साधी पट्टी अर्धा मीटर घेतली, तर ती साधारण २०० मिलिअँपियर घेते. बोर्डाची पिन सुखाने देते २० च्या आसपास! म्हणून मध्ये मॉसफेट हवा. तो नळाच्या तोटीसारखा. पिन फक्त तोटी फिरवते, पाणी टाकीतून येते. पाच व्होल्टवर पूर्ण उघडणारा, ‘लॉजिक लेव्हल’ मॉसफेटच मागून घ्यावा. पट्टीचे धन टोक अडॅप्टरच्या धनाला, ऋण टोक मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स ऋणाला. बोर्डाला मोबाईलच्या चार्जरने वेगळी वीज दिली असेल, तर दोन्हींचे ऋण एकत्र जोडायला विसरू नये. विसरले तर दिवा वेड्यासारखा वागतो आणि मुले उगीच प्रोग्राममधली चूक शोधत बसतात.

गेट आणि ऋण यांच्यामध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. चार-आठ आण्यांची वस्तू म्हणून तो गाळला जातो. पण वीज जाऊन परत आली, की प्रोग्राम जागा होईपर्यंत पिन अधांतरी असते. त्या क्षणी हा रेझिस्टर नसेल तर दिवा भपकन पेटू शकतो, तोही झोपलेल्या माणसाच्या तोंडावर.

एवढे झाल्यावर नातू १२८ हा आकडा देतो आणि आजी म्हणतात, "अरे, हा अर्धा कुठे? लखलखतोय की!" आजींचे बरोबर आहे. उजेड मोजला तर निम्माच आहे, पण डोळा सरळ हिशेब करत नाही. त्याला तो जवळजवळ पाऊणपट वाटतो. उपाय सोपा. हवी ती पायरी तिनेच गुणायची आणि २५५ ने भागायची. १२८ चे होतात ६४, ६४ चे १६, आणि १६ चा उरतो १. आता दिवा हळूहळू उजळताना चढ एकसारखा वाटतो. फक्त अगदी तळाशी, १ वरून २ वर जाताना उजेड दुप्पट होतो आणि तो धक्का अंधारात जाणवतो. ९ आणि १० या पिनांमागचे मोजणीयंत्र १६ बिटांचे आहे. ज्याला प्रोग्राम जमतो त्याने तिथे २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या कराव्यात.

पट्टी पिवळसर घ्यावी आणि खाटेच्या खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून लावावी. म्हणजे उंबरा दिसतो, डोळ्यांत काही जात नाही. बटण आजींच्या हाताला अंधारातही सापडेल असे हवे.

आता राहिला आकडा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि दुपारी जो दिवा अगदीच मिणमिणता वाटतो तोच मध्यरात्री पुरून उरतो. तेव्हा नातवाने एक दिवस रात्री अडीचला, आजी उठतील तेव्हा उठावे, आणि त्या "पुरे" म्हणतील तो आकडा लिहून घ्यावा.