एक, चार, तीन, दोन

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे इंग्रजीला येतो. सात म्हणजे सात. पाच मिनिटं आधी पोचला तर दाराबाहेर उभा राहतो. जिन्यातला दिवा आपोआप लागतो, म्हणून मला कळतं. आपल्या हिशेबाने तो बारावीत आहे.

त्याच्या आईने विचारलं तेव्हा मी टाळायला बघितलं होतं. तोक्योच्या या निशि-कासाई भागात भारतीय खूप, आणि भारतीय म्हटला की त्याला गणित आणि इंग्रजी येणारच, असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समज. मी सांगलीच्या मराठी शाळेतली, एबीसीडी पाचवीत गिरवलेली. हे तिला सांगून पाहिलं. तिला तो माझा विनय वाटला. खरं बोलण्याची इथे ही एक पंचाईत आहे.

पहिल्या दिवशी मी इंग्रजीत विचारलं, आज दिवस कसा गेला? तो गप्प. फ्रिजची घरघर ऐकू येईपर्यंत गप्प. शेवटी मीच काहीतरी बोलून टाकलं. मग त्याने दप्तरातून प्रवाळांवरचा एक उतारा काढला आणि त्यातल्या साडेतीन ओळींच्या वाक्याची अशी चिरफाड केली की मी बघत राहिले. हा 'दॅट' कशाला जोडलाय, तो 'विच' कुणाबद्दल बोलतोय. वाक्य मलाही कळलं होतं, पण कसं कळलं ते मला सांगता आलं नसतं.

त्या वाक्यात शब्दांखाली पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते. 'आय वेंट टू स्कूल' घ्या. 'आय'खाली एक, 'वेंट'खाली चार, 'टू'खाली तीन, 'स्कूल'खाली दोन. आता आकड्यांच्या क्रमाने वाचा: मी, शाळा, ला, गेलो. झालं जपानी वाक्य. आणि अहो, मराठीसुद्धा! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागून, आणि 'अ', 'द'ची कटकट दोन्हीकडे नाही. त्याला जपानीत काही समजावताना मी मनातल्या मनात मराठी वाक्य करते आणि शब्दाला शब्द ठेवत जाते. बहुतेक वेळा जमतं.

हे आकडे त्याला शाळेने नव्हे, निवृत्त शिक्षक असलेल्या आजोबांनी शिकवलेले. या वाचनाला याकुदोकु म्हणतात, आणि त्याचं मूळ इंग्रजीच्याही फार आधीचं. जपानी विद्वानांनी शेकडो वर्षं चिनी ग्रंथ असेच वाचले. ओळ चिनीच ठेवायची, शेजारी बारीक खुणा करायच्या आणि त्या खुणांवरून मागेपुढे उड्या मारत ती जपानीत वाचायची. कान्बुन नावाने हे शाळेत आजही शिकवतात. इंग्रजी आलं तेव्हा साचा तयारच होता.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. माझे आजोबा इंग्रजी अग्रलेखाचा अर्थ फडाफड सांगायचे, पण कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की त्यांना अचानक गोठ्यातलं काम आठवायचं. मला वाटतं गोम इथे आहे. हजार वर्षांपूर्वी वारलेल्या चिनी कवीला कुणी उलट उत्तर देत नाही. त्याचा फक्त अर्थ लावायचा असतो. या मुलाचं इंग्रजी तसंच झालंय. त्याला ते येतं. पलीकडे जिवंत माणूस असतो, एवढंच त्याला कुणी दाखवलेलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी तो दोन्ही हातांनी फीचं पाकीट देतो. आत पाच हजार येनची कोरी नोट. जुलै 2024 पासून तिच्यावर त्सुदा उमेको आहेत. सहा वर्षांच्या असताना, 1871 मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेला शिकायला धाडलं. 1882 मध्ये परतल्या तेव्हा इंग्रजी अस्खलित आणि जपानी पार विसरलेल्या. घरच्यांशी बोलायची चोरी. पुढे 1900 मध्ये त्यांनी मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. दहा हजारांच्या नोटेवर 40 वर्षं फुकुझावा युकिची होते. त्यांनी ओसाकात डच भाषेसाठी जिवाचं रान केलं, 1859 मध्ये योकोहामा बघायला गेले, तर दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात. मग पुन्हा पहिल्यापासून इंग्रजी. हे सगळं मी रंगवून सांगितलं. मुलगा म्हणाला, "त्यांना परीक्षा नव्हती."

खरंय. जानेवारीत त्याची विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा आहे. इंग्रजी वाचन 100 गुण, ऐकणं 100, बोलणं शून्य. खासगी चाचण्यांच्या वाटेने बोलणंही आणायचं ठरलं होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये ते ऐनवेळी पुढे ढकललं आणि मग सोडूनच दिलं. चाचणीची फी आणि केंद्राचं अंतर खेड्यातल्या, गरीब घरच्या पोरांना जड जाणार, ही ओरड होती. ती काही चुकीची नव्हती.

ऐकण्याचा सराव आम्ही दोघंही करतो. त्याला 'राइट' आणि 'लाइट' सारखेच ऐकू येतात. जपानी लिपीत दोन्ही 'राइतो'. तोंडासमोर वही धरून मी एकेक शब्द म्हणते, तो ओळखायचा प्रयत्न करतो, निम्मे चुकतात. मग एकदा त्याने मला पकडलं. तो 'सिंक' म्हणतो, मी 'थिंक', आणि ध्वनिफितीतली बाई तिसरंच काहीतरी. "सेन्सेई, तुमचा थ तिच्यासारखा नाही." चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझी आई आली. सातवी पास, इंग्रजी टीव्हीवरून उचललेलं, भीड नावालाही नाही. गुरुवारी तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली.

"यू थिन. व्हाय नो ईट?"

त्याची नजर हवेत फिरली. हरवलेलं 'डू' शोधत असावा. मग हळूच म्हणाला, "आय ॲम नॉट हंग्री, सँक्यू."

"नॉट हंग्री नथिंग. ईट, बाळा."

त्याने खाल्लं. मी आत चहा टाकायला गेले, तर मागून त्याचा आवाज, न विचारता आलेला: "व्हॉट इज दिस?"

"धिस इज थालीपीठ."

जपानमध्ये कुणालाही विचारा, शाळेतलं पहिलं इंग्रजी वाक्य म्हणून 'धिस इज अ पेन' सांगतील आणि हसतील; कारण हे वाक्य आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडत नाही. हा मात्र गंभीर झाला. "अ थालीपीठ? ऑर सम थालीपीठ?" त्याने माझ्याकडे बघितलं. मोजता येणारं नाम की न येणारं? मी आधण उतू जाण्याची वाट बघत उभी राहिले.

"टू," आई म्हणाली, आणि दुसरं वाढलं.

त्याने नारिंगी पेनने वहीत लिहिलं: थालीपीठ, मोजता येतं. मग पाठांतरासाठी असतो तो लाल प्लास्टिकचा कागद ओळीवर ठेवला, अक्षरं दिसेनाशी झाली, आणि तो ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागला.