डावपेच घडविणारा आकडा

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत बोलले जाते. पालक व शिक्षक त्यांना वेळेचा अपव्यय मानतात, तर तरुण खेळाडू ते बोटांच्या चपळाईचे आणि अचूक नेमाचे काम समजतात. दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. कोण धाडसाने पुढे जाईल, कोण दबा धरून बसेल आणि कोण साथीदारासाठी थांबेल, हे पुष्कळ अंशी खेळाडूच्या स्वभावावर नव्हे, तर खेळ रचणाऱ्याने ठरविलेल्या एका आकड्यावर अवलंबून असते. पहिली गोळी लागल्यापासून प्रतिस्पर्धी बाद होईपर्यंत किती वेळ जातो, तो हा आकडा. खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘टाइम टू किल’ किंवा नुसते ‘टीटीके’ म्हणतात.

१९९९ पासून निरनिराळ्या आवृत्त्यांतून चालत आलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ उदाहरणादाखल घ्यावा. पाच-पाच जणांचे दोन संघ आणि प्रत्येकाची प्राणशक्ती १०० गुणांची. यातील एके-४७ बंदूक मिनिटाला ६०० गोळ्या झाडते. म्हणजे दोन गोळ्यांत एक दशांश सेकंदाचे अंतर. चिलखत घातलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर जवळून चार गोळ्या लागल्या की तो बाद होतो. चार गोळ्यांमधील अंतरे तीन, तेव्हा सारा मामला तीन दशांश सेकंदांचा. डोक्यावर तर, शिरस्त्राण असले तरी, एकच गोळी पुरते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद लागतो. ज्याला पहिली गोळी लागली, त्याला उलट वार करण्यास जेमतेम निमिषभर उरते. अशा खेळात जो प्रथम पाहतो तो बहुधा जिंकतो. आडोसा, कोपरा, शांतता आणि अवचित हल्ला यांना तेथे अतोनात मोल येते. गनिमी काव्याचे तत्त्व ज्यांच्या इतिहासात मुरलेले आहे, त्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

२०१६ मध्ये आलेल्या ‘ओव्हरवॉच’ची रीत वेगळी. तेथे पात्रे अधिक मार सोसतात, ढाली असतात, आणि ‘मर्सी’सारखे पात्र लढाई चालू असतानाच साथीदाराच्या जखमा भरून काढते. मार बसल्यावर माघार घेण्यास, साथीदाराला हाक देण्यास आणि पुन्हा उभे राहण्यास तेथे अवकाश मिळतो. परिणामी एकट्याच्या अचूक नेमापेक्षा अनेकांच्या एकवटलेल्या माऱ्याला महत्त्व येते.

या फरकाचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, जेथे दोन्ही बाजूंचे सर्व जण एकमेकांवर नेम धरू शकतात, तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारख्याच कुवतीच्या पाचांची चौघांशी अशी लढत झाली, तर पाचांचा वर्ग पंचवीस, चौघांचा सोळा, फरक नऊ आणि त्याचे वर्गमूळ तीन. म्हणजे चौघे संपले तरी पाचांपैकी तिघे उरतात. याउलट, लढत अरुंद वाटेवर एकास एक अशी झाली, तर सरासरीने एकच उरतो. बाद होण्याचा अवधी मोठा असला की मदतीला धावून येण्यास वेळ मिळतो, आणि हा वर्गाचा नियम लागू पडू लागतो. अवधी अगदी अल्प असला की साथीदार येण्यापूर्वीच द्वंद्व संपते, आणि संख्याबळाचा लाभ आटतो. संघभावना वाढते की एकांडी शिलेदारी, याचा निर्णय अशा रीतीने एका आकड्यात आधीच दडलेला असतो.

पात्रांच्या विशेष क्षमतांची निवडही याच आकड्याच्या अनुरोधाने होते. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’मध्ये पूर्ण चिलखतासह खेळाडूचे बळ १५० होते, तर तेथील ‘व्हँडल’ बंदुकीची डोक्यावर बसलेली एक गोळी १६० गुण हिरावून घेते. अशा ठिकाणी चकमकीच्या मध्यात उपचार करण्याची क्षमता फारशी कामाची नाही. तेथे पहिल्या गोळीपूर्वी वापरावयाच्या क्षमतांना भाव येतो. धुराचा पडदा, डोळे दिपविणारा झोत, लपलेला शत्रू दाखविणारा बाण ही सर्व साधने ‘प्रथम कोण पाहील’ हाच प्रश्न आपल्या बाजूने सोडविण्यासाठी असतात. शिवाय निवडीला किंमत मोजावी लागते. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये एके-४७ला २,७०० डॉलर, चिलखत व शिरस्त्राण मिळून १,००० आणि धुराच्या बाँबला ३०० असे खेळातील चलन लागते, पहिल्या फेरीला मात्र हाती केवळ ८०० असतात. एक वस्तू घेताना कोणत्या वस्तूवर पाणी सोडावे लागते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातील प्रश्न हे खेळाडू दर फेरीला काही सेकंदांत सोडवीत असतात.

क्षमतांचा तोल ढळला की काय होते, याचा अनुभवही उपलब्ध आहे. २०१८-१९च्या सुमारास ‘ओव्हरवॉच’च्या व्यावसायिक स्पर्धांत तीन दणकट ढालकरी आणि तीन उपचारक असा सहा जणांचा संच सर्वत्र बोकाळला. कोणी लवकर बाद होईना, आणि अचूक नेमाच्या पात्रांना संघात जागा उरली नाही. खेळाडूंची कल्पकता आटली होती असे नव्हे. त्या नियमांत तोच संच सर्वांत शहाणपणाचा होता. अखेरीस २०१९ मध्ये प्रत्येक भूमिकेचे दोनच खेळाडू असावेत, असा नियम कंपनीला करावा लागला.

क्रिकेटमध्येही हेच दिसते. दहा बळी १२० चेंडूंवर वाटले की बळीची किंमत घटते, आणि कसोटीत जो फटका अविचार ठरतो तोच वीस षटकांच्या सामन्यात कर्तव्य ठरतो. परंतु क्रिकेटचे नियम मेरिलबोन क्रिकेट क्लब सांभाळतो. बॅट विकणारा नव्हे. संगणकीय खेळात बॅट विकणारा आणि नियम करणारा एकच असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘ओव्हरवॉच २’च्या सर्वच पात्रांची प्राणशक्ती कंपनीने एका फटक्यात वाढविली, आणि खेळाडूंना अंगवळणी पडलेले अंदाज नव्याने बसवावे लागले.

एकच डावपेच शिरजोर झाला तर तो त्वरित मोडावाच लागतो, असे कंपन्या म्हणतील, आणि वरील उदाहरण पाहता त्यात तथ्य आहे. पण हौसेच्या खेळाला जे चालते, ते मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेला चालणार नाही. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदके दिली गेली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या खेळांना बंदी करताना ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यतेबरोबर जबाबदारीही यावी. स्पर्धेचा हंगाम चालू असताना हे आकडे बदलू नयेत, आणि बदल करावयाचे तर पुरेशी पूर्वसूचना व कारणे द्यावीत, एवढी अट क्रीडाप्रशासनाने घालणे अगत्याचे आहे. वर्षभर सराव केलेल्या मुलाचे कसब एका रात्रीत निरुपयोगी ठरू नये, यासाठी एवढे तरी व्हावयास हवे.

शिक्षकांनीही या खेळांकडे केवळ तिरस्काराने पाहू नये. दबा धरून बसणाऱ्या खेळाडूला त्याचे सोबती भित्रा म्हणतात. पण त्या नियमांत तो बहुधा सर्वांत हिशेबी असतो. माणसांच्या वर्तनाला नावे ठेवण्यापूर्वी त्यांना कोणत्या नियमांत उभे केले आहे ते पाहावे, हा धडा विद्यार्थ्यांच्या हातातील खेळावरूनच त्यांना शिकविता येईल. बाजार, कचेरी आणि परीक्षा यांनाही तो तितकाच लागू आहे.