वाघ टेबलापाशी येत नाही

डिस्ने वर्ल्ड न पाहिलेलं घर अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात शोधावं लागेल. तिथल्या ‘कॅरेक्टर ब्रेकफास्ट’चा हिशोबही आपल्याला पाठ आहे. माणशी ठरलेली रक्कम भरायची. ती अंडी आणि वॉफलसाठी कोणी भरत नाही, मिकी आपल्या टेबलापाशी येणार म्हणून भरतो. तो येतो, पोरांना मिठी मारतो, चार बोटांच्या हातमोज्यात जाड पेन धरून वहीत सही करतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीनंतर पार्क उघडले तेव्हा हे बदललं. टोपोलिनोज टेरेससारख्या ठिकाणी मिकी-मिनी आले खरे, पण लांबून हात हलवून गेले. मिठी बंद, सही बंद. १८ एप्रिल २०२२ पासून दोन्ही पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात पालकांनी बरीच कुरकुर केली आणि मला ती रास्त वाटते. तिथे भेट हाच विकायचा माल आहे. मुखवट्याच्या आत पगारी माणूस असतो, त्याची पाळी ठरलेली असते, रांग आवरायला शेजारी सहकारी उभा असतो. पैसे घेता, तर भेट द्या.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. हीच कुरकुर आता डिसेंबरच्या सुट्टीत ताडोब्याला पोचली आहे.

माझं माहेर चंद्रपूर, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा जिल्हा. त्यामुळे भारतात निघालेली मंडळी दिवाळी आली की मला फोन करतात. कोणत्या गेटवरून वाघ ‘नक्की’ दिसतो, मोहर्ली की कोलारा? तो ‘छोटा मटका’ वाघ आता कुठे असतो? बछडेवाली वाघीण दाखवणारा चांगला गाइड आहे का ओळखीचा? आणि जानेवारीत परत आली की ऐकवतात: एवढे पैसे मोजले, मोबाइल गेटवर ठेवून घेतले, जिप्सी पुढे न्यायला गाइड तयार नाही, आणि शेवटी ‘काही दिसलं नाही’. त्या ‘काही नाही’त रानकुत्री, गवे, अस्वल आणि तळ्यावरची मगर असते, पण ते असो.

मला वाटतं, ही बंधनं बरोबर आहेत. त्यांतली काही अपुरीही आहेत, आणि ती अपुरी पडण्याचं एक मोठं कारण आपलाच खिसा आहे.

आधी, वाघांची ‘पात्रं’ कशी झाली ते पाहू. वाघाची सही गोळा करण्याची आपल्याकडे चक्क सरकारी पद्धत होती. उमटलेल्या पावलावर काच धरून ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा आणि त्यावरून वाघ मोजायचे. २००५ च्या सुमाराला सरिस्कातले वाघ कागदावर आहेत पण रानात नाहीत हे उघडं पडलं, आणि या पद्धतीवरचा विश्वास संपला. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, त्यामुळे फोटोवरून वाघ ओळखता येऊ लागला आणि त्याला क्रमांक मिळाला. क्रमांक अभ्यासकांच्या कामाचा. पर्यटकाला नाव लागतं. टी-१२ ची ‘माया’ झाली. वाघडोह, मटकासुर, सोनम, लारा, छोटी तारा अशी मंडळी कॅमेऱ्यांमुळे आणि नंतर समाजमाध्यमांमुळे घरोघरी पोचली. २०१० मध्ये जन्मलेली माया पांढरपौनीच्या पाणवठ्याभोवती इतकी सहज दिसायची की जगभरचे छायाचित्रकार तिच्यासाठी चंद्रपूरला यायचे. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसेनाशी झाली, नोव्हेंबरमध्ये हाडं सापडली, डीएनए तपासणीत ती तिचीच निघाली. तेव्हा लोकांनी एखादी नटी गेल्यासारखा शोक केला. त्यात खोटं काही नव्हतं. नाव दिलं की जीव जडतो, आणि जीव जडलेल्या प्राण्यासाठी लोक आवाजही उठवतात. नावांचा हा फायदा मी नाकारत नाही.

पण या मायाने २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात एका महिला वनरक्षकाचा जीव घेतला होता. ती वनरक्षक पर्यटक नव्हती. वाघांच्या गणनेसाठी पायी चालत खुणा नोंदवत होती, सोबत तीन मजूर होते. वाटेत वाघीण दिसल्यावर ते थांबले, मग आडवाटेने पुढे निघाले, आणि मागून हल्ला झाला. आपण ज्या आकड्यांचा अभिमान बाळगतो ते आकडे गोळा करताना ती गेली. मायाच्या प्रसिद्धीत त्याने काही उणं आलं नाही. मायाने काही गुन्हा केला असं मी म्हणत नाही. वाघीण वाघिणीसारखी वागली. पात्र मात्र कधी आपल्या भूमिकेबाहेर जात नाही, आणि नेमक्या याच भरवशावर आपण सहा जण उघड्या जिप्सीत बसून ‘अजून थोडं जवळ’ म्हणत असतो.

आता ज्या बदलांवर राग आहे ते बदल. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह: गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटक जातील. ताडोब्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा; म्हणजे उरलेल्या बहुतेक रानात आपल्याला प्रवेशच नाही. २०१८ मध्ये ताडोब्याने सफारीत मोबाइल बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉर्बेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या गाभा क्षेत्रांतल्या पर्यटन पट्ट्यात मोबाइलला आणि रात्रीच्या सफारीला बंदी घातली.

मोबाइलबंदीवर आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद असा: कॅमेरा चालतो, मग फोन का नाही? फोटोने वाघाचं काय बिघडतं? फोटोने फारसं काही बिघडत नाही. फोन बोलतो, हा खरा प्रश्न. एका जिप्सीला वाघीण दिसली की दुसरीला निरोप जातो, दुसरीकडून पाचवीला, आणि काही मिनिटांत एका वळणावर गाड्यांची गर्दी होते. कॅमेऱ्याने फक्त टिपता येतं, कोणाला बोलावता येत नाही. शिवाय सेल्फीसाठी माणूस वाघाकडे पाठ करून उभा राहतो. चंद्रपूरच्या कोणत्याही गुराख्याला विचारा, या शहाणपणाबद्दल तो काय म्हणेल.

गर्दी झाली की काय होतं हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगावच्या बाजूला एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली होती. दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्या लागल्या, मधे ती आणि पिल्लं अडकली. व्हिडिओ पसरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला. होणं योग्यच होतं. पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्या गाड्यांच्या मागच्या बाकांवर कोण बसलं होतं? सुट्टीवर आलेली, आपल्यासारखीच कुटुंबं. ‘भाऊ, थोडी पुढे घ्या ना’ हे वाक्य कोणत्याही आरोपपत्रात येत नाही.

हे वाक्य किती वजनदार असतं, ते गाइडच्या जागेवर बसून पाहावं. तो मोहर्लीचा, कोलाऱ्याचा, आजूबाजूच्या एखाद्या गावचा मुलगा. फेरीमागे ठरलेला मेहनताना आणि त्यावर बक्षिसी. वाघ दिसला तर पाचशेची नोट, बछडे दिसले तर दोन, काहीच दिसलं नाही तर ‘थँक यू भाऊ’. ही रीत आपण लावली आहे. एका हाताने नियम पाळण्याची अपेक्षा करायची आणि दुसऱ्या हाताने नियम मोडायचा भाव ठरवायचा. डॉलरवाला पर्यटक तर पन्नासची हिरवी नोट आधीच दाखवतो. डिस्नेतला रांग सांभाळणारा सहकारी मिकीला तुमच्याकडे ढकलून जास्त पैसे कमावू शकत नाही. आमच्या रानात राखणदार आणि दलाल या दोन्ही भूमिका आपण एकाच गरीब माणसावर टाकल्या आहेत. वन खात्याने कितीही परिपत्रकं काढली तरी बक्षिसीचं हे गणित बदलत नाही, कारण ते जिप्सीत, चार माणसांच्या नजरेत ठरतं.

यावर हमखास येणारा आक्षेप रोजगाराचा: पर्यटक नाराज झाले तर गावाचं पोट कसं भरेल? आक्षेप खोटा नाही. ज्या गावांची जुनी वहिवाट गाभ्यातून उठली, त्यांच्या मुलांना जिप्सी, होम-स्टे आणि गाइडगिरीने काम दिलं. पण हा रोजगार गेटांपाशीच दाटलेला आहे आणि वाघ काही गेटापाशी थांबत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात कामगारावर हल्ला झाला. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत तर सफारीचा बाजार जवळजवळ नाहीच. तिथल्या वडसा, आरमोरीकडच्या माणसाला वाघ भेटतो तो धानाच्या बांधावर, मोहफुलं वेचताना, सायकलवरून बाजाराला जाताना. सीटी-१ या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं मारली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं. त्याला कोणी लाडाचं नाव ठेवलं नाही.

जे लोक तिकीट न काढता वाघाच्या समोर येतात, त्यांच्या सुरक्षिततेचा आणि आपल्या सफारीतल्या अंतराचा संबंध आहे. वाघाला माणसाचा धाक असतो म्हणून तो साधारणपणे वाट सोडतो. माणसांनी भरलेल्या वाहनांची सवय झालेल्या वाघिणीच्या पोटी वाढलेले बछडे दोन वर्षांचे झाले की नवा मुलूख शोधायला बफरमध्ये, शेतात, ब्रह्मपुरीकडे निघतात. त्यांनी माणसाविषयी काय शिकून निघावं हे आपण गाडी किती जवळ लावतो त्यावरही ठरत असणार, असा माझा अंदाज आहे. वनरक्षकांशी बोलताना तो खोटा ठरलेला नाही.

भेटच हवी असेल, मुलांना प्राण्याजवळ उभं करायचंच असेल, तर मी अशा मंडळींना गडचिरोलीतल्या अहेरी तालुक्यात कमलापूरला पाठवते. राज्यातला हा एकमेव सरकारी हत्ती कॅम्प. इथले हत्ती वन खात्याच्या सेवेतले, माणसाळलेले, नावानिशी ओळखले जाणारे. माहूत आणि चाराकटर त्यांच्या सोबत. रस्ता लांबचा आणि खडबडीत, हॉटेल नाही, म्हणून परदेशी पाहुणा तिकडे फिरकत नाही. तरी तिथली एक पद्धत मला फार आवडते. जानेवारीच्या थंडीत या हत्तींना सुट्टी असते. जडीबुटीचा काढा करून त्यांचे पाय शेकतात, त्याला ‘चोपिंग’ म्हणतात, आणि त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांना बंद. नेमका आपला सुट्टीचा हंगाम! कोणी लांबून आलं असेल तरी हत्ती भेटत नाही, आणि त्यावर तिथे कोणी वाद घालत नाही. २०२२ मध्ये हेच हत्ती जामनगरच्या खासगी केंद्रात पाठवायचं घाटत होतं. ताडोब्याचे आणि गडचिरोलीतल्याच पातानीलचे काही हत्ती गेले. कमलापूरकरांनी मात्र विरोध केला आणि त्यांचे हत्ती राहिले. ज्यांनी ते वाचवले, ती माणसं हत्तींच्या सुट्टीलाही मान देतात, हा योगायोग नसावा.

ताडोब्याला कमलापूर करता येणार नाही, करूही नये. वाघ माणसाळायचा नसतो. म्हणून तिथल्या बंधनांची दिशा एकच असायला हवी: अंतर वाढवणारी. मंगळवारी प्रकल्प बंद असतो, पावसाळ्यात गाभा बंद असतो, तशीच बछड्यांसह वाघीण असलेली वाट काही आठवडे बंद ठेवायला काय हरकत आहे? मी तर म्हणते, बुकिंगच्या वेळीच ‘वाघ दिसेलच असं नाही’ हे जाड अक्षरात छापावं आणि कोणता वाघ कोणत्या गेटला ‘चालू आहे’ ही रिसॉर्टांची जाहिरात थांबवावी.

ते आपल्या हातात नाही. जे हातात आहे ते मंडळाच्या पुढच्या कार्यकारिणीपुढे ठेवते. यंदाच्या भारत सहलीचं जे पत्रक फिरतंय त्यात ‘व्याघ्रदर्शनाची हमखास संधी’ असा शब्दप्रयोग आहे, तो काढावा. गाइड आणि चालकाची बक्षिसी सहलीच्या शुल्कातच धरावी, सगळ्या फेऱ्यांना सारखी ठेवावी आणि गेटमधून आत शिरायच्या आधी त्यांच्या हातात द्यावी. मग आतमध्ये ‘थोडी पुढे घ्या’ म्हणायला कोणाच्या मुठीत नोट उरणार नाही, आणि नाही म्हणायला गाइडला काही गमवावं लागणार नाही. मुलं रुसतील, हे मला मान्य आहे. त्यांना चितळ, नीलगाय, सांबर यांच्या पावलांचे ठसे ओळखायला शिकवणारे गाइड ताडोब्यात भरपूर आहेत. या गाइडना वाघाच्या मागे पळवलं नाही तर ते स्वतःहून गाडी थांबवतात.