चाल कुणाची?

दिवाळीच्या फराळाला आलेला पाहुणा लाडू तोंडात टाकतो आणि यजमानीणबाईंची तारीफ करतो. ज्यांच्या हातून पाक जमला त्या आत्याबाई आतच राहतात. घरात हे खपून जाते. पण संगीताच्या बाजारात हीच रीत न्याय म्हणून मिरवते, आणि तिला आज आम्हांला चार शब्द सुनवायचे आहेत.

उदाहरण विलायतेचे घेऊ. १९६७ च्या मे महिन्यात 'प्रोकोल हॅरम' ह्या इंग्रज वाद्यवृंदाचे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणे निघाले आणि इंग्लंडात सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. शब्द कीथ रीड यांचे, संगीत गॅरी ब्रूकर यांचे, अशी दोनच नावे लागली. आता गंमत पाहा. हे गाणे ऐकलेल्या कुणालाही ते गुणगुणायला सांगा. तो शब्दांच्या वाटेला जाणारच नाही. हॅमंड ऑर्गनवरची ती सुरुवातीची संथ, गंभीर सुरावटच त्याच्या ओठांवर येईल. ती बांधली ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरने. आणि नेमके त्याचेच नाव गायब!

अशा वेळी तीन आक्षेप हटकून येतात. पहिला : चाल आधीच तयार होती, ह्याने नुसता साज चढवला. अहो, जो उतरवला की गाणे ओळखूच येत नाही, तो साज कसला? ते गाण्याचे अंगच! दुसरा : ही तर बाखची छाया. असेल. ब्रूकरच्या संगीतावरही ती आहेच. पण एकाच रागात दोघांनी बंदिशी बांधल्या म्हणून कोणी चोर ठरतो काय? तिसरा : इतकी वर्षे हा गप्प का बसला? हा प्रश्न मात्र रास्त आहे. फिशर कोर्टात गेला २००५ साली, म्हणजे ३८ वर्षांनी. त्याची किंमतही त्याने मोजली. मागच्या वर्षांचा पैसा त्याला मिळाला नाही. पण उशीर झाला म्हणून मुलाचा बाप बदलत नाही.

२००६ साली लंडनच्या हायकोर्टाने त्याला सहसंगीतकार ठरवून संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला. २००८ साली अपील कोर्टाने नाव ठेवले, पैसा काढून घेतला. २००९ च्या जुलैत हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने तो वाटा परत दिला.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यमेळ बांधण्यात गोव्याच्या कलावंतांचा केवढा हात! सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांची कितीतरी गाणी सजवली; पण घरोघरी नाव गेले ते संगीतकारांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लोकांना ठाऊक झाले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांची ती गुरुदक्षिणा. तीही पुष्कळांना थट्टाच वाटली!

प्रत्येक वादकाला संगीतकार म्हणा, असे आम्ही म्हणत नाही. लिहून दिलेले वाजवणारा वेगळा आणि नवे सूर घडवणारा वेगळा. ह्या दुसऱ्याला त्याचे नाव द्या, एवढेच मागणे.

तेव्हा वाचकहो, यंदा आवडते गाणे लागले की गायकाआधीचे ते सूर कुणाचे, एवढे विचारा. आणि हो, आत्याबाईंनाही बाहेर बोलवा. लाडू त्यांचा आहे!