दरीकाठची तहान

उन्हाचा कडाका वाढला, की आम्हा यवतमाळकरांना चिखलदऱ्याची आठवण होते. परतवाडा मागे पडून घाट लागला, की गाडीतली पोरे खिडकीसाठी भांडू लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे मेळघाटच्या दऱ्याखोऱ्यांचा उंबरठाच. भीमाने कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकले, म्हणून ती कीचकदरा आणि पुढे त्याचे चिखलदरा झाले, अशी लोककथा आहे.

मे महिन्यातल्या अशाच एका सहलीत पंचबोल पॉइंटवर मुलांनी हाका मारल्या, दरीने त्या परत केल्या. सारे खूश होते. जेवायच्या वेळी आमच्यातल्याच एकाने नळ सोडून गप्पा मारत हात धुतले. वाढणारी बाई हलकेच म्हणाली, "भाऊ, नळ बंद करा जी. पानी टँकरचं हाय."

मला अगदी चोरट्यासारखे झाले. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटली, तेव्हा यवतमाळात टँकरची वाट पाहणारे आपणच होतो ना? चार दिवस पाहुणे झालो, की आपली तहान आपण विसरतो.

चिखलदऱ्याला पाऊस काही कमी पडत नाही. पण काळा पाषाण आणि उभा उतार. पाणी थांबत नाही. उत्तरेकडचे तापीला जाते, दक्षिणेकडचे पूर्णेला. खडीमलसारख्या कोरकू गावांनी मात्र कित्येक उन्हाळे टँकरवर काढले.

म्हणून पर्यटकांनी जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे इथल्या कितीतरी चुली पेटतात. पण नव्या हॉटेलला परवानगी देताना खोल्या किती, याच्याआधी पावसाचे पाणी साठवणार कुठे, हे विचारायला नको का? १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड जवळच आहे. त्या गडावरचे तलाव आजही दिसतात. डोंगरमाथ्यावर राहायचे तर आधी पाण्याची सोय, एवढे शहाणपण जुन्या लोकांना होते.

पुढच्या खेपेला मुलांना पंचबोलच्या आधी ते तलाव दाखवायचे ठरवले आहे. आणि मुक्कामात आंघोळ एकाच बादलीत. घरच्यासारखी.